भेकुयिसेच्या पेशींतलं मीठ

मंगळवार, ३ सप्टेंबर

आज वॉर्डात दुभाषाचं काम केलं. ते माझं काम नाही. मी प्रयोगशाळेतली, काचेच्या बारीक सुया ओढणारी. पण दुभाषी रजेवर आहे आणि आमच्या डॉ. पडायाचींना झुलू येते ती टोमॅटो घेण्यापुरती, म्हणून संमतीपत्र समजावायला मला नेलं.

पेशंट भेकुयिसे सिबिया, वय सव्वीस. सहाव्या वर्षापासून फिट येतात. त्याची आई माखोझा मेल्मथच्या पुढच्या डोंगरातून तीन टॅक्सी बदलून डरबनला आलेली. मेंदूच्या ज्या कोपऱ्यातून फिट सुरू होते तो कोपरा गुरुवारी काढणार. काढलेल्या तुकड्याचा आम्ही अभ्यास करणार आणि नंतर, कागदाच्या भाषेत, त्याची विल्हेवाट लावणार. असला कोरडा शब्द आईच्या तोंडावर कसा फेकायचा? मी घरातला साधा शब्द वापरला. म्हटलं, "काम झालं की आम्ही त्याला लाहला करू." टाकून देऊ, एवढंच.

माखोझा सावरून बसली. "कोण करतं ते?"

"वेगळी माणसं आहेत, माय. त्यांचं रोजचंच काम आहे."

"उघड्यावर नाही ना?"

"छे! लाल पिशवीत. तोंड घट्ट बांधून."

"लाल. बरं झालं." तिने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि मग लेकाच्या सहीशेजारी स्वतःची सही केली. इतकी स्वच्छतेची काळजी करणारी बाई मी या वॉर्डात पाहिली नव्हती. बाहेर आल्यावर डॉक्टर म्हणाल्या, "झिबुयिले, तू वकील व्हायला हवी होतीस." मला बरं वाटलं, कबूल करते.

गुरुवार, ५ सप्टेंबर

नऊ वाजता थिएटरच्या दारात बर्फाची पेटी घेऊन उभी होते. सर्जननी बोराएवढा तुकडा दिला. प्राणवायूचे बुडबुडे सोडलेल्या थंडगार पाण्यात तो घेऊन मी अंगण ओलांडून पळाले. त्याच्या नऊ चकत्या निघाल्या, नखाहून पातळ. त्या ऊबपेटीत ठेवल्या. पेटीत शरीराइतकीच ऊब असते, दर दोन दिवसांनी पोषणपाणी बदलायचं, मग चकत्या तीन आठवडेही जगतात.

दुपारी पहिल्या पेशीला सुई लागली. आमच्या भोंग्यातून पेशी ऐकू येते: एकदा बोलली की एक टक. निरोगी पेशी मोठी सोशिक असते. दहा शेजारणींनी हाका मारल्या तर एकदा 'ओ' देते. ही न डिवचताच टकटकत होती. आणि मग चकतीतल्या सगळ्याच एकदम बोलायला लागल्या. पंधरा सेकंद चाललं. माणूस पलीकडच्या इमारतीत भुलीत पडलेला आणि त्याची फिट माझ्या टेबलावर. या कामाला मला अकरा वर्षं झाली, तरी तेव्हा अंगावर काटा येतोच.

शनिवार, ७ सप्टेंबर

भेकुयिसेला बघायला गेले. डोक्याला बँडेज, गालात संत्रं.

"ताई, माझं डोकं तुमच्याकडे आहे म्हणे. काय म्हणतंय?"

"आरडाओरडा करतंय."

"वीस वर्षं तेच करतंय. द्या दोन थोबाडीत." हसताना टाके ओढले म्हणून कळवळला आणि पुन्हा हसला. तीन दिवसांत एकही फिट नाही. त्याला टॅक्सी चालवायची आहे. फिट येणाऱ्याला लायसन्स देत नाहीत, आणि गावाकडचे ड्रायव्हर त्याला पुढच्या सीटवरही बसू देत नाहीत, गिअरवर पडशील म्हणतात. "सव्वीस वर्षांत मी रस्ता पुढून बघितलेला नाही. नेहमी कुणाचं तरी मानगूट. लायसन्स मिळालं की तुम्हाला पुढची सीट, ताई. फुकट."

"तोवर मी म्हातारी होईन."

"म्हातारीला तर पुढंच बसवायचं असतं!"

बुधवार, ११ सप्टेंबर

भेकुयिसे आज सकाळी गेला. पायातली रक्ताची गुठळी फुफ्फुसात गेली. चहा पीत होता, कप खाली ठेवला आणि गेला. कुणाची चूक नाही, असं सगळेच म्हणाले.

मी ऊबपेटीकडे गेले. चकत्या छान होत्या. आज पाणी बदलायचा वार, बदललं. एका पेशीला सुई लावली. टक. टक टक. मी भोंगा बंद केला.

डॉक्टर म्हणाल्या, "संमती आहे, त्याची इच्छा होती, काम पुढे न्यायचं." बरोबर आहे. मीही तेच म्हटलं असतं.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

माखोझा त्याचा आत्मा न्यायला आली. हातात काटेरी झाडाची हिरवी फांदी. माणूस जिथं गेला तिथून त्याला फांदीवर बसवून घरी न्यावं लागतं, नाहीतर तो तिथंच घोटाळत राहतो. नेणाऱ्याने वाटेत फक्त त्याच्याशी बोलायचं, दुसऱ्या कुणाशी चकार शब्द नाही. मी जिन्याच्या कोपऱ्यात होते. ती उतरत होती. "सोतोबे, आता पायऱ्या आहेत. सावकाश. आता दार. बाहेर ऊन आहे, डोळे सांभाळ." सोतोबे हे सिबियांचं कुळाचं नाव. वाटेतले पोर्टर, नर्सा, एक मोठे सर्जन, सगळे भिंतीला चिकटून उभे राहिले.

ती माझ्या समोरून गेली. माझ्या हातात त्याच्या चकत्यांच्या पाण्याची बाटली होती. ती मी पाठीमागे धरली. कशाला, ते मला सांगता येणार नाही.

रविवार, १५ सप्टेंबर

स्वयंपाकघरातला नळ गळतोय. वॉशर बदलला. तरी टक. टक टक. नळाला फडकं बांधलं.

मंगळवार, १७ सप्टेंबर

नऊपैकी चार चकत्या उरल्या, पण काय काम झालं आज! डॉक्टरांनी आनंदाने माझ्या पाठीत गुद्दा घातला.

मेंदूत काही पेशींचं कामच शेजारणींना गप्प बसवायचं असतं. त्या एक रस सोडतात, त्याचा अर्थ एकच: थांब. आम्ही तो रस भेकुयिसेच्या पेशींवर सोडला. पेशी थांबायच्या ऐवजी उसळल्या. त्यांच्या आत मीठ साचलंय. मीठ बाहेर उपसणारे पंप थकलेत. त्यामुळे 'थांब' कानी पडलं की त्या पळत सुटतात. जितकं आवरावं तितक्या पेटतात.

डॉक्टर म्हणाल्या, "निरोप तोच, आणणारा तोच. ऐकणाऱ्याच्या आत काय साचलंय त्यावर सगळा अर्थ." वाक्य आवडलं म्हणून लिहून ठेवते. सूज उतरवायचं एक जुनं औषध आहे, ते हे मीठ काढतं म्हणतात. शेवटच्या चकतीवर ते शुक्रवारी, २७ला, घालून बघायचं ठरलं. तोवर तिला जपायचं काम माझं.

आज पेटी उघडण्याआधी मी तिच्या दारावर टकटक केली. मग स्वतःलाच हसले.

गुरुवार, १९ सप्टेंबर

माखोझाचा फोन आला. फोन खांद्यात धरून मी चकत्यांचं पाणी बदलत होते.

"पोरी, शनिवारी त्याला माती दिली. बकरा कापला, फांदी त्याच्या जागेवर ठेवली, सगळं केलं. तो आला नाही गं. घर रिकामंच आहे. रोज स्वप्नात फाटकाशी उभा राहतो. आत ये म्हटलं की म्हणतो, कसा येऊ, आई? तिकडं एक बाई मला एक दिवसाआड पाणी पाजते."

मी हातातली नळी खाली ठेवली.

"मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मी त्याला खाटेवरून नेलं, पण तुम्ही त्याचा तुकडा तिकडं मातीत ठेवलाय, तिथून न्यायचं राहिलंच. तू सांगितलं होतंस, लाहला करू म्हणून. मीच विसरले. म्हातारपण, दुसरं काय! ती जागा मला दाखवशील? पुढच्या गुरुवारी, सव्वीसला येते."

मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर कळलं मी कशाला हो म्हटलं.

लाहला. केर टाकतात तेही लाहला, आणि राजाला मातीत ठेवतात तेही लाहला. राजा पुरला असं कुणी म्हणत नाही. ज्या झाडाची फांदी घेऊन ती आली होती त्या झाडाच्या नावातही तोच शब्द आहे. आजीने मला ते झाड दाखवलं होतं, नाव पाठ करून घेतलं होतं. मी केर म्हटलं, तिने राजा ऐकला. 'कोण करतं', 'उघड्यावर नाही ना', 'लाल बरं झालं', आता एकेक वाक्य कानात परत येतंय. आणि मी सांगितलेली ती लाल पिशवी जाते भट्टीत.

आणि ती म्हणते, मीच विसरले.

शुक्रवार, २० सप्टेंबर

धोबीखान्यामागे आंब्याचं झाड आहे. खाली माती मऊ आहे, जागा सावलीची. माखोझाला तिथं उभं करायचं, "इथं" म्हणायचं. ती फांदी टेकवेल, त्याला बोलावेल, समाधानाने घरी जाईल. कुणाचं काही बिघडत नाही. उलट खरं सांगितलं तर तिच्या काळजात सुरी, माझी नोकरी धोक्यात आणि पुढच्या शुक्रवारचा प्रयोग बुडाला.

आज जाऊन झाडाखालचा पालापाचोळा साफ केला. त्यावर चार दगड मांडले. लाज वाटली, पण मांडले.

सोमवार, २३ सप्टेंबर

एकच चकती उरली. तिला पाणी दिलं. "उद्या सुट्टी आहे, परवा येते," असं मोठ्याने म्हणाले. खोलीत कुणी नव्हतं. माझा विश्वास नाही असल्या गोष्टींवर. एक दिवसाआड पाणी हा योगायोग आहे. पेशींना तहान कळत नाही.

नळाचं फडकं काढलं तर नळ कोरडा. आवाज नळाचा नव्हताच वाटतं.

गुरुवार, २६ सप्टेंबर

हे नीट लिहायला हवं.

ती अकराला आली. नवी फांदी, ओल्या फडक्यात गुंडाळलेली. मी तिला आंब्याखाली नेलं. ती गुडघ्यांवर बसली, फांदी दगडांत टेकवली आणि म्हणाली, "सोतोबे, आई आलीय. चल घरी." मग ऐकत बसली. धोबीखान्याची यंत्रं घरघरत होती. बराच वेळ गेला. तिने मान वर केली. माझ्यावर संशय नव्हता तिचा, हेच वाईट होतं.

"इथं नाही गं तो. जागा चुकली तर नाही ना तुझी? आठव जरा."

मला रडू फुटलं. तिथंच, पालापाचोळ्यात बसून मी सगळं सांगितलं. शब्द, लाल पिशवी, पेटी, पाणी, दगड.

ती अगदी हळू म्हणाली, "म्हणजे जिवंत आहे?"

या प्रश्नाची मी तयारी केली नव्हती. "नुसत्या पेशी आहेत, माय. तो नाही. त्यांना काही कळत नाही."

"त्यांना काय कळत नाही ते तुला कसं कळलं? चल, दाखव."

मी तिला आत नेलं. चकती भिंगाखाली ठेवली, सुई लावली, भोंगा चालू केला. टक. टक. ती स्टुलाच्या कडेवर बसली, फांदी मांडीवर. टक टक. टक. मग टकटक वाढली, दाटली, आणि सगळ्या पेशी एकदम उसळल्या.

माखोझा ताडकन उभी राहिली. "फिट आलीय त्याला! थांबव ना! मला माहीत आहे ही, आधी ओठ असेच हलायचे, थोडे थोडे, मग सगळं अंग. वीस वर्षं हेच ऐकलंय मी खाटेच्या पायांच्या खडखडीत. त्याला कुशीवर वळव!"

कुशीवर वळवायला तिथं काय होतं? ती त्या काचेच्या ताटलीकडे हात पुढे करून उभी होती आणि मी तिचे हात धरून उभी होते. एवढ्यात डॉ. पडायाची आल्या.

"झिबुयिले, या कोण?"

"भेकुयिसेची आई. डॉक्टर, मी चुकले. संमतीपत्रात दोन अर्थांचा शब्द वापरला. मी एक म्हटला, त्यांनी दुसरा ऐकला. त्यांना वाटलं आपण त्या तुकड्याला माती देणार."

डॉक्टरांचा चेहरा तापला. काहीतरी कडक बोलणार होत्या. मग भोंग्याकडे, मग फांदीकडे पाहिलं आणि नुसत्या खाली बसल्या. "संमती कधीही मागे घेता येते, हे तरी सांगितलं होतंस?"

"ते सांगितलं होतं."

"मग त्यांना विचार, त्यांना काय हवंय."

मी विचारलं. माखोझाने डोळे पुसले. "मला तो घरी हवाय. पण असा नाही. फिटमध्ये घराबाहेर काढत नाहीत माणसाला. तुमच्याकडे औषध असेल ना?"

मी डॉक्टरांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "उद्या देणारच होतो. चालतं का नाही, मला माहीत नाही, हे त्यांना नीट सांग. अगदी नीट, झिबुयिले." मी प्रत्येक शब्द दोनदा घासून सांगितला.

औषध पाण्यात सोडलं. आम्ही तिघी बसलो. वीस मिनिटं काही फरक नाही. आणखी एक फिट आली. माखोझा हलकेच गुणगुणायला लागली, ऊ ऊ ऊ, तापल्या पोराला थोपटताना करतात तसं. चाळिसाव्या मिनिटाला टकटक विरळ झाली. डॉक्टरांनी मला खूण केली. मी तो रस सोडला, 'थांब'वाला, जो ऐकून सतरा तारखेला सगळ्या उसळल्या होत्या.

टक.

मग काही नाही. खूप वेळाने, दूरवर, एक टक. सोशिक.

"ऐकलं त्याने," माखोझा म्हणाली. डॉक्टरांना एवढी झुलू येत नाही, तरी त्यांनी मान हलवली. त्यांचे डोळे भरले होते आणि हात मात्र सवयीने वेळ टिपत होता.

सुई मी बाहेर काढली. ऊबपेटी मीच बंद केली. चकती लाल कापडात, कापड छोट्या डब्यात. कागदपत्रं डॉक्टर करतील म्हणाल्या, "आणि तुझ्याबद्दल संशोधनाच्या नीतिसमितीला मला लिहावं लागेल, तुला माहीत आहे." माहीत आहे.

निघताना माखोझाने फांदी माझ्याच हातात दिली. "मी उद्या पुढे जाऊन बिअर आंबत घालते. शनिवारी तू आण त्याला. हे काम घरच्या माणसाचं म्हणून त्याचे काका कुरकुरतील, कुरकुरू देत. तीन आठवडे पाणी तू पाजलंस, तो तुझ्या आवाजामागून येईल." मग दारात थांबून, जराशी हसून: "नाव काय तुझं, झिबुयिले ना? म्हणजे 'परत आल्या'! तुझ्या बापाने तुझ्या आईसाठी मोजलेल्या गाईंवरून ठेवलं असेल. आता माणूस परत आणून दाखव."

शनिवार, २८ सप्टेंबर

तुझ्याशिवाय कुणाशी बोलायचं नाही. वहीशी चालतं का, हे तुझ्या आईला विचारायचं राहिलं. म्हणून तुलाच लिहिते, भेकुयिसे.

डरबनच्या टॅक्सीतळावर थेट मेल्मथपलीकडे जाणाऱ्या टॅक्सीत मी दोन सीटचे पैसे दिले. ड्रायव्हर म्हणाला, "दुसरं माणूस कुठाय, ताई?" मी फांदी वर केली. त्याने टोपी काढली. "कुठं बसतील?" मी पुढच्या बाकाकडे बोट दाखवलं. तिथं एक जाडजूड गृहस्थ पेपर पसरून बसले होते.

"काका, मागं या," ड्रायव्हर म्हणाला.

"मी पहिला आलोय!"

"तुम्ही पहिले आलात, पण हे शेवटचे निघालेत." काकांनी मागे वळून फांदी पाहिली आणि मुकाट उतरले.

तू गिअरच्या बाजूला. पडायची भीती आता नाही. मी खिडकीशी, डबा मांडीवर.

हा ऊस. अजून ऊसच. थुकेलाचा पूल आला, धरून बस. पाणी कमी आहे, मधे वाळूचे पट्टे दिसतात, दोन बायका कपडे धुताहेत. बघ, समोरून बघ, कुणाचं मानगूट नाही. हे गिंगिंदलोवू गाव. आता चढण लागली, एशोवेला धुकं आहे, ड्रायव्हरने दिवे लावलेत. तू चालवत असतास तर इतक्या जोरात वळण घेतलं नसतंस, असं मी समजते.

भेकुयिसे, मला तुझी माफी मागायची आहे, ती आत्ताच मागते, इथं तरी माझं ऐकशील. पाणी मी चांगलं दिलं. शब्द वाईट दिला.

(संध्याकाळ, तुमच्या घरी.)

मेल्मथनंतर मला घाम फुटला. तुझ्या आईने सांगितलं होतं, मोठ्या निलगिरीपाशी उतर. पण ड्रायव्हरला सांगू कशी? त्याच्याशी बोलायचं नाही. निलगिरी दिसायला लागली, मोठी होत गेली, गाडी भरधाव. मी डबा घट्ट धरला आणि तुला म्हटलं, "भेकुयिसे, निलगिरी आली. आता थांब."

गाडी थांबली.

मी आधी उतरले, तुझ्यासाठी दार धरलं. "उतर. खाली चर आहे, पाय जपून." फाटकाशी तुझी आई उभी होती. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही, पाहायचं नसतंच. तिने पुढचं उघडं दार पाहिलं, मग माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघून तिचा चेहरा फुलला.

"अगं बाई," ती म्हणाली, "पुढं बसून आलास!"